'लाइन' म्हणजे नेमकं काय? एक शब्द, त्याचे अर्थ आणि माझी एक चूक

मागच्या हिवाळ्यात मी मुलाखतींची लिप्यंतरं करत बसले होते. अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या काकाजींची तासाभराची मुलाखत होती. विषय होता कापसाचा खर्च, विक्री आणि हाती येणारा पैसा. बोलता बोलता ते म्हणाले, "यंदा लाइनपायी लय राती जागून काढल्या, बाई."

मी लगेच बाजूला कोड टाकला: 'विक्री केंद्रावरील प्रतीक्षा'. मला ते अगदी स्वाभाविक वाटलं. त्याआधीची पाच मिनिटं आम्ही कापूस विकण्याबद्दलच बोलत होतो. खरेदी केंद्रासमोर लागणाऱ्या बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा वऱ्हाडात कोणाला नव्या आहेत? १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासूनच्या गोष्टी आम्ही घरात ऐकत आलो. मी त्या कोडवर एक परिच्छेदही लिहून टाकला. शेतकऱ्याचं रात्रभर रांगेत थांबणं हा विक्रीचा न मोजला जाणारा खर्च आहे, वगैरे. परिच्छेद चांगला जमला होता, आणि तिथंच घोळ झाला.

एका रात्री मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं होतं. आई बाजूला तूर निवडत होती. ती म्हणाली, "अवं, तो मानूस हरभऱ्याले पाणी द्यायचं सांगून रायला. रांगेचं कुठी बोलला तो?" मी म्हटलं, "लाइनपायी म्हणतात ना ते." आई हसली. "लाइनपायी म्हणजे मोटरीपायी. रांगेत असता तं 'लाइनीत' जागलो म्हणाला असता."

दुसऱ्या दिवशी काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "कापसाचा नंबर लागाले वेळ असला तं पोराले ट्रॅक्टरपाशी ठेवून आमी घरी येतो. राती जागनं हरभऱ्यापायीच. लाइन रातचीच येते नं."

माझा अख्खा परिच्छेद चुकीचा होता. काकाजींनी सांगितलेली अडचण खरी होती, मी लिहिलेली अडचण दुसरीच होती. प्रबंधात ती तशीच गेली असती, तर तोंडी परीक्षेत कोणीही पकडली नसती, कारण वाक्य बरोबर, संदर्भ बरोबर आणि शब्दकोशातला अर्थही बरोबर.

ही पोस्ट त्या चुकीबद्दल आहे. आणि थोडी आपल्या एका सवयीबद्दल: प्रबंधात एखादा शब्द आला, की शब्दकोश उघडायचा, दोन व्याख्या लिहायच्या आणि पुढं जायचं.

शब्दकोशीय व्याख्येचा परिच्छेद

पेट झाली, कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपल्या सगळ्यांच्या पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद हमखास असतो. 'अमुक शब्दाचा शब्दकोशीय अर्थ असा. तमुक कोशानुसार असा. वरील व्याख्यांवरून असे दिसून येते की…' मीही तो लिहिला आहे. माझ्या गाइडनी तेव्हा शांतपणे विचारलं होतं, "हे नसतं तर तुझ्या संशोधनात काय बिघडलं असतं?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

शब्दकोश वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. शब्दकोश एक काम करतो: आजवर लोकांनी तो शब्द कसा वापरला, त्याची थोडक्यात नोंद ठेवतो. ती नोंद कधी केली आणि कुठल्या लोकांचं बोलणं ऐकून केली, यावर तिची मर्यादा ठरते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे तो कोश छापून झाला तेव्हा वऱ्हाडात रेल्वेची लाइनसुद्धा नव्हती, विजेची तर गोष्टच सोडा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी होती की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. क्रियापदांची रूपं, विभक्ती, सर्वनामं यांची तुलना करायला ही पद्धत उत्तम. पण त्या गोष्टीत मोटर पंप नाही, खरेदी केंद्र नाही, नळ नाही. त्यामुळे माणसं रोजच्या कामात काय शब्द वापरतात, हे त्यातून कळणार नाही.

म्हणून मग मी कोश बंद केला आणि स्वतःच्या मुलाखती उघडल्या. 'लाइन' हा शब्द जिथं जिथं आला तिथं थांबले. आजूबाजूला ऐकलेली वाक्यंही वहीत लिहून ठेवली.

वहीत काय सापडलं

आधी वीज. 'लाइन आली', 'लाइन गेली', 'लाइन नाही', 'लाइन लो हाय'. पुण्या-मुंबईकडं जिथं 'लाइट गेले' म्हणतात, तिथं आपल्याकडं 'लाइन गेली'.

मग रांग. 'लाइन लागली', 'लाइन लाव', 'लाइनीत ये'. बँकेत, रेशनच्या दुकानात, बसस्टँडवर.

रेल्वेची लाइन. 'लाइनच्या पलीकडं' हा तर पत्ताच असतो. मूर्तिजापूरकडं 'शकुंतलेची लाइन' म्हटलं की ती अरुंद रेल्वे कळते, वेगळं सांगावं लागत नाही.

वस्ती. अकोल्यात 'सिव्हिल लाइन', गावोगावी 'पोलीस लाइन'. ही इंग्रजांच्या फौजेची देणगी. तंबू किंवा कोठड्या ओळीनं असत, त्या ओळींना 'लाइन्स' म्हणत. आज पोलीस लाइनमध्ये चार मजली इमारती असल्या तरी नाव तेच.

धंदा किंवा शिक्षणाची वाट. 'पोरगा कोन्या लाइनले हाय?' मेडिकल लाइन, टीचिंग लाइन. पीएच.डी.ला प्रवेश घेतला तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, "या लाइनीत नोकरी हाय का पन?"

फोन. 'थांबा, लाइनवर राहा.'

पाण्याची किंवा गटाराची नळी. 'लाइन टाकली', 'लाइन फुटली'.

वागणूक. 'आता लाइनवर आला बरं', म्हणजे सुधारला.

आणि 'लाइन मारणं', ज्याबद्दल पुढं लिहिते.

एक अर्थ तर आपल्या अगदी शेजारचा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पीक पैदास शिकणाऱ्या मैत्रिणीशी बोला. तिच्या तोंडी दर वाक्याला 'लाइन' असते, आणि त्यातली एकही वरच्या यादीत बसत नाही. तिची लाइन म्हणजे झाडांची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, गुणधर्म न बदलणारी वंशावळ. संकरित ज्वारीचं बी तयार करताना 'ए लाइन' म्हणजे ज्या झाडांचा पराग निकामी असतो ती, 'बी लाइन' म्हणजे तिची पिढी चालू ठेवणारी, आणि 'आर लाइन' म्हणजे संकरात पराग पुन्हा कामी आणणारी. १९६४ मध्ये आलेलं सीएसएच-१ हे भारतातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण याच पद्धतीनं तयार झालं. आता विचार करा, ही मैत्रीण एखाद्या वावरात जाऊन म्हणाली, "काकाजी, इथली लाइन बघायची आहे," तर काकाजी तिला डीपीकडं घेऊन जातील.

क्रियापद पाहा, मग नाम पाहा

यादी झाली. पण यादी म्हणजे विश्लेषण नाही, हे आपण कोर्सवर्कमध्ये ऐकलेलं असतं. मग बघायचं काय?

इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: शब्द ओळखायचा तर त्याची सोबत बघा. वहीतली वाक्यं त्या नजरेनं पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की ऐकणारा बहुतेक वेळा 'लाइन' या शब्दावरून अर्थ लावतच नाही, तो क्रियापदावरून लावतो. येते-जाते ती वीज. लागते-लावतात ती रांग. टाकतात-फुटते ती नळी. मारतात ती… तुम्हाला माहीत आहे. नाम एकच, पण प्रत्येक अर्थाला आपली क्रियापदं वाटून दिलेली आहेत.

नंतर प्रत्यय. रांगेला 'लाइनीत' होतं, नोकरी-धंद्यालाही 'लाइनीत' होतं, पण तिथं उभं राहत नाहीत, शिरतात. विजेच्या अर्थानं 'लाइनीत' माझ्या ऐकण्यात आलेलं नाही. 'लाइनपायी', 'लाइनच्या भरोशावर', 'लाइन असली तं' असंच ऐकलं. आईनं नेमकं हेच पकडलं होतं. तिनं भाषाशास्त्र शिकलेलं नाही, पण तो फरक तिच्या कानात आहे. मी शिकले, आणि माझ्या कानात होता तो फरक कागदावर येईपर्यंत हरवून बसले.

पण ही चाचणी शंभर टक्के चालत नाही. 'देणं' हे क्रियापद घ्या. 'दिवसाची लाइन द्या' ही शेतकऱ्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर 'ती लाइन देते' याचा अर्थ निराळाच. क्रियापद एकच, फरक करतो तो आधीचा शब्द 'दिवसाची', आणि बोलणारा माणूस. 'लाइनवर' तर फारच फसवं: फोनवर, रुळावर, विजेच्या तारेवर आणि शहाणपणावर, चारही ठिकाणी 'लाइनवर'च. म्हणजे क्रियापद, प्रत्यय, विशेषण, बोलणारा, जागा, हे सगळं मिळून अर्थ पक्का होतो. यातलं एकच धरून कोड टाकला की माझ्यासारखं होतं.

दोन अर्थ खरंच वेगळे आहेत का, हे तपासायला एक गमतीची चाचणी आहे. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात एकाच शब्दावर लादून बघा. 'आमच्या गावात लाइन नाही, लाइनमन हाय, आन लाइन मारनारे तं घरोघरी हायेत.' हसू आलं ना? हसू आलं म्हणजे भाषेला ते अर्थ एक वाटत नाहीत, जबरदस्तीनं एकत्र बसवलेले वाटतात. आता हे बघा: 'लाइन तुटली म्हणून लाइन गेली.' इथं फारसं हसू येत नाही. पहिली लाइन म्हणजे तार, दुसरी म्हणजे वीज, पण दोघी इतक्या जवळच्या आहेत की वाक्य सरळ निघून जातं. गावातला विनोद आणि भाषाशास्त्रातली चाचणी ही एकच गोष्ट आहे, हे मला उशिरा कळलं.

'मूळ अर्थ हाच खरा अर्थ' ही दुसरी सवय

शब्दकोशाच्या परिच्छेदानंतर आपण आणखी एक परिच्छेद लिहितो: व्युत्पत्ती. आणि तिथं हळूच एक विधान घुसवतो, की मूळ अर्थ हाच शब्दाचा खरा अर्थ.

इंग्रजी 'लाइन'चं मूळ लॅटिनमधल्या 'लिनेआ' या शब्दात आहे. त्याचा अर्थ दोरा, पण तो कापसाचा नव्हे. 'लिनुम' नावाच्या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचा. आता या झाडाचं आजचं शास्त्रीय नाव बघा: लिनम युसिटाटिसिमम. म्हणजे आपलं जवस! ज्याची चटणी आपण भाकरीवर तेल टाकून खातो, ते जवस. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. जवसाच्या तंतूपासून दोरा, दोऱ्यापासून सरळ रेघ, रेघेपासून रांग, रूळ, तार, आणि तारेतून परत जवसाच्या वावरात.

गोष्ट सुंदर आहे. पण विचारा, यातून काकाजींच्या वाक्याचा अर्थ लागला का? अजिबात नाही. काकाजींना जवस माहीत आहे आणि लाइनही माहीत आहे, पण त्या दोघांचं नातं माहीत नसल्यानं त्यांचं काही अडत नाही. व्युत्पत्ती शब्द कुठून आला ते सांगते. तो आज कुठं राहतो, ते सांगत नाही. प्रबंधात व्युत्पत्ती जरूर द्या, पण तिच्यावरून आजच्या वापराला चूक किंवा बरोबर ठरवू नका.

शब्द इंग्रजी, पण रीत कोणाची?

तिसरी सवय जास्त जुनी आहे आणि तिच्यामागं मोठी माणसं आहेत. परका शब्द दिसला की तो काढून टाकायचा. सावरकरांनी १९२० च्या दशकात भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. त्यातून आलेले दिनांक, महापौर, हुतात्मा असे शब्द आपण आज सहज वापरतो. पुढं १९४० च्या दशकात नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन प्रशासनाचे आणि विज्ञानाचे हजारो शब्द घडवले. तेव्हा आपला वऱ्हाड 'सीपी अँड बेरार' प्रांतात होता, म्हणजे हे काम आपल्याच राजधानीत चाललेलं होतं. यातले काही शब्द टिकले, पुष्कळ गेले.

माझी हरकत नवे शब्द घडवण्यावर नाही. ती या गृहीतावर आहे: शब्द इंग्रजी असला, की त्याचा अर्थही बाहेरून आलेला असतो.

'लाइन आली' घ्या. इंग्रजी बोलणारा माणूस वीज आल्यावर 'लाइन आली' असं म्हणत नाही. तो 'पॉवर' म्हणतो, 'करंट' म्हणतो. मग वऱ्हाडात हा अर्थ आला कुठून? सकाळी गल्लीत काय ओरडतात ते आठवा: "नळ आले!" नळ कुठून येतो? तो तर भिंतीला बसवलेला आहे. येतं ते पाणी. पण आपण नळ आले, नळ गेले असंच म्हणतो. अकोल्या-अमरावतीत जिथं नळाला रोज पाणी नसतं, तिथं तर या वाक्यावर दिवसाचं वेळापत्रक ठरतं. आणखी मागं जा. "तार आली." तार म्हणजे धातूची तार, आली ती बातमी. आजोबांच्या पिढीला तार आली म्हटलं की पोटात गोळा यायचा.

नळ आले, तार आली, लाइन आली. ज्यातून वस्तू येते त्याचं नाव त्या वस्तूला द्यायचं, ही मराठीची आपली रीत आहे. 'लाइन' हा शब्द इंग्रजीतून घेतला, पण त्याला हा अर्थ आपण दिला, आपल्या आधीच्या वाक्यांच्या साच्यात बसवून. 'लाइट गेले'चंही तसंच, दिव्याच्या नावावर सगळी वीज. उसना शब्द दिसला की भाषा दुबळी झाली असं लिहिण्याआधी, त्या शब्दाचं आपण काय केलं, हे पाहायला पाहिजे.

उलट बाजूही बघा. सगळीकडं लाइन घुसली असंही नाही. वावरात कापसाची 'तासं'च असतात, निंदणाऱ्या बाया 'पात' धरतात, पेरणी 'सरी'वर होते. शेतातल्या ओळीला आपल्याकडं नेमके शब्द होते, म्हणून तिथं लाइनला जागाच मिळाली नाही. जिथं नवी गोष्ट आली तिथं नवा शब्द बसला.

'वीज' आणि 'लाइन' एक नाहीत

आता मुद्दा प्रश्नावलीचा. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: 'आपल्या शेतात वीज आहे काय? होय / नाही.' जवळपास सगळे 'होय' म्हणाले. मी खूश झाले. पण तीच माणसं मोकळ्या गप्पांमध्ये म्हणत होती, "लाइनच नसते, बाप्पा."

ही माणसं उलटसुलट बोलत नव्हती. त्यांच्या बोलण्यात 'वीज आहे' म्हणजे खांब आहे, मीटर आहे, कनेक्शन मिळालं आहे. 'लाइन आहे' म्हणजे या क्षणाला मोटर चालेल. आपल्या राज्यात शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीनं देण्याची पद्धत राहिली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. शिवाय गावठाणाचा फिडर वेगळा, शेतीचा वेगळा. म्हणून गावात घराघरात दिवे चालू असताना माणूस म्हणतो 'लाइन नाही', आणि तो खोटं बोलत नसतो. त्याची लाइन म्हणजे वावरातली लाइन. रात्रीची पाळी आली की हिवाळ्यातल्या थंडीत, अंधारात, सापा-किरड्याच्या भीतीत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायचं. 'राती जागून काढल्या' या तीन शब्दांमागं हे सगळं होतं. आणि मी त्याचं केलं काय, तर 'विक्री केंद्रावरील प्रतीक्षा'.

माझ्या शुद्ध मराठी प्रश्नानं काळ पुसून टाकला होता. 'वीज'ला होय-नाही असं उत्तर देता येतं. 'लाइन'ला 'कधी?' असं विचारावं लागतं. आता माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्न असा आहे: 'या आठवड्यात तुमच्या वावरात लाइन कोणत्या वेळेला होती?' गाइडनी 'लाइन' या शब्दावर लाल रेघ मारली होती. मी हा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी रेघ खोडली आणि म्हणाले, "पण प्रकरणात तळटीप दे, बाहेरच्या परीक्षकाला कळायला पाहिजे."

'लाइन मारणं': कोण बोलतंय ते बघा

हा अर्थ मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यावर मैत्रिणीशी माझा वाद झाला. तिचं संशोधन गावाहून शहरातल्या कॉलेजात एसटीनं येणाऱ्या मुलींवर आहे. मुलाखतीत मुली म्हणतात, "पोरं लाइन मारतात." इंग्रजी प्रकरणात ती यासाठी जो शब्द वापरत होती, त्याचा अर्थ होतो प्रेमळ चेष्टामस्करी. कोशाप्रमाणं बरोबरच.

मी विचारलं, "हे सांगितल्यावर मुली पुढं काय म्हणतात?" ती म्हणाली, "म्हणून मी सहाची गाडी सोडून साडेचारची धरते, शेवटचा तास बुडवते." मग ही चेष्टामस्करी कशी? मुलाच्या तोंडी 'लाइन मारली' हा खेळ असतो. मुलीच्या तोंडी तेच 'लाइन मारतात' हे तास बुडवण्याचं कारण असतं. एखाद्या मुलीचा नको असताना वारंवार पाठलाग करणं हा २०१३ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये. प्रत्येक लाइन मारणं तिथवर जात नाही, हेही खरं. पण नेमकं म्हणूनच शब्दाचं एकच भाषांतर ठरवून सगळीकडं चिकटवता येत नाही. मैत्रिणीला तिच्या सगळ्या मुलाखती पुन्हा वाचाव्या लागल्या. ती चिडली, पण वाचल्या.

मग अर्थ किती?

तुम्ही विचाराल, शेवटी 'लाइन'चे अर्थ किती धरायचे? नऊ? बारा? २०११ मध्ये एक बातमी खूप फिरली होती, की ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या नव्या कामात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाले आणि त्यानं 'सेट'ला मागं टाकलं. ही संख्या वाचून छाती दडपते. पण ती 'रन'बद्दल जितकं सांगते तितकंच संपादकाबद्दलही सांगते. जवळचे वापर एकत्र बांधणारा संपादक असेल तर संख्या कमी, बारीक फरकावर फोडणारा असेल तर जास्त. कोश करणाऱ्या अ‍ॅडम किलगॅरिफ यांनी १९९७ मध्ये तर निबंधच लिहिला, की शब्दाचे सुटे सुटे अर्थ या गोष्टीवर माझा विश्वास नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधी हातात असतात ती वापराची उदाहरणं. त्यांचे गट आपण पाडतो, आणि कसे पाडायचे हे आपल्या कामावर अवलंबून असतं.

हे मला पटतं, पण अर्धंच. गट आपण पाडतो हे खरं. तार आणि वीज हे दोन अर्थ मी माझ्या कामापुरते एकत्र ठेवले तर काही बिघडत नाही. पण रांग आणि वीज यांची सरमिसळ मला करता येणार नाही, कारण काकाजींनी ती केलेली नाही. संशोधकाच्या सोयीला सीमा आहे, आणि ती सीमा बोलणाऱ्या माणसानं आखलेली असते. किलगॅरिफ यांचा विचार वापरताना एवढं सांभाळा, नाहीतर 'माझ्या कामापुरता मी असा अर्थ घेतला' हे वाक्य कुठलीही चूक झाकायला कामी येतं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर

मी आता चार गोष्टी करते. लिप्यंतर करताना शब्द जसा बोलला तसाच ठेवते. 'लाइनपायी'चं 'लाइनमुळे' करत नाही, कारण पुरावा त्या प्रत्ययातच असतो. कोड टाकण्याआधी त्या शब्दाची सगळी वाक्यं एका पानावर उतरवून क्रियापदाखाली रेघ मारते. जिथं दोन अर्थ बसू शकतात तिथं प्रश्नचिन्ह ठेवते आणि माणसाला पुन्हा विचारते, फोनला दोन मिनिटं लागतात. आणि त्या भागातल्या, माझं प्रकरण न वाचलेल्या एका माणसाला रेकॉर्डिंग ऐकवते. माझ्या बाबतीत हे काम आई करते. तिचं नाव आभारात येईल, पण खरं तर पद्धतीच्या प्रकरणात यायला पाहिजे.

तो जमलेला परिच्छेद मी काढून टाकला. त्या जागी 'सिंचनाची वेळ आणि झोप' असा नवा कोड आला. तो टाकल्यावर जुन्या मुलाखती पुन्हा चाळल्या, तर आणखी काही ठिकाणी हीच गोष्ट सापडली. मी तिथंही रांगच ऐकली होती.

परवा काकाजींचा फोन आला होता. माझा अभ्यास कुठवर आला ते विचारत होते. मी सांगत होते, तेवढ्यात मधेच म्हणाले, "बाई, मंग बोलतो. लाइन आली." आणि फोन ठेवला. कोणती लाइन, ते मला या वेळी विचारावं लागलं नाही.